मोठ्या अँटेना अ‍ॅरेची चाचणी कशी घ्यावी: नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने

६४ एलिमेंटचा अ‍ॅरे घ्या आणि त्यातले ४ एलिमेंट मुद्दाम बंद करा. मेन बीमच्या (मुख्य झोताच्या) टोकाला मोजलेली पातळी किती घसरेल? ६४ ऐवजी ६० लाटांची बेरीज होते, त्यामुळे घट अवघी ०.५६ डीबी. चेंबरमधल्या (लाटा शोषणाऱ्या बंद खोलीतल्या) मोजणीची अनिश्चितता अनेकदा तेवढीच असते. म्हणजे दर सोळातला एक एलिमेंट मेलेला असूनही अ‍ॅरे ‘पास’ होऊ शकतो. फेजचंही (लाट आपल्या चक्रात कुठे आहे त्याचंही) तसंच. एलिमेंटच्या फेजमध्ये २० अंश आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) इतकी विस्कळीत चूक असली तरी मेन बीम जेमतेम अर्धा डीबी खाली येतो.

बेरीज चुका पोटात घालते. ५जीच्या मॅसिव्ह मायमो पॅनेलपासून पुढच्या पिढीच्या शेकडो एलिमेंटच्या अ‍ॅरेपर्यंत चाचणीची बहुतेक डोकेदुखी याच एका गोष्टीतून येते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी एकेक एलिमेंट, मग त्यांचे आपसातले संबंध, मग कॅलिब्रेशन, मग बीम आणि सर्वांत शेवटी खरा मॉड्युलेटेड सिग्नल. थेट शेवटच्या टप्प्यावर उडी मारलीत तर काहीतरी बिघडलंय एवढंच कळेल. कुठे बिघडलंय ते शोधायला पुन्हा पहिल्या पायरीवर यावं लागेल.

पायरी १: अंतर काढा, मग जागा ठरवा

दूरक्षेत्राचं, म्हणजे जिथून पुढे लाट जवळपास सपाट धरता येते त्या अंतराचं, सूत्र सगळ्यांना पाठ असतं: अ‍ॅरेच्या सर्वांत मोठ्या मापाचा वर्ग करा, दुप्पट करा, तरंगलांबीने भागा. पण चौकोनी अ‍ॅरेचं सर्वांत मोठं माप म्हणजे बाजू नव्हे, कर्ण. इथेच पहिली चूक होते.

२८ गिगाहर्ट्झला तरंगलांबी १०.७ मिलिमीटर. अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने मांडलेला १६ बाय १६ चा अ‍ॅरे साधारण ८६ मिलिमीटर बाजूचा होतो, कर्ण १२१ मिलिमीटर, आणि दूरक्षेत्र सुरू होतं २.७ मीटरवर. आता ३.५ गिगाहर्ट्झचं ०.९ मीटर बाय ०.५ मीटरचं पॅनेल घ्या. तरंगलांबी ८५.७ मिलिमीटर, कर्ण १.०३ मीटर, अंतर जवळपास २५ मीटर. मोठी जागा मिलिमीटर लाटांनाच लागते ही समजूत त्यामुळे सोडून द्या. जागा ठरते ती अ‍ॅरे तरंगलांबीच्या किती पट आहे आणि प्रत्यक्षात किती मोठा आहे, या दोन्हींवरून.

या अंतरावर अ‍ॅरेच्या मध्यापासून आणि कडेपासून येणाऱ्या लाटेत २२.५ अंशांचा फेजफरक उरतो. मेन बीमसाठी तो चालतो. पण नल (ज्या दिशांना सिग्नल जवळपास शून्य होतो त्या) उथळ दिसतात आणि पहिला साइड लोब (बाजूचा छोटा झोत) मेन बीमच्या खांद्याला चिकटल्यासारखा वाटतो. साइड लोब उणे ३० डीबीच्या खाली असल्याचा दावा तपासायचा असेल तर अंतर निदान दुप्पट ठेवा.

एवढी जागा नसेल तर दोन वाटा आहेत. पहिली कॉम्पॅक्ट रेंज: पॅराबोलिक परावर्तक हॉर्न अँटेनाची गोलाकार लाट सपाट करून अ‍ॅरेवर सोडतो. मॉड्युलेटेड सिग्नलच्या चाचणीला हीच सर्वांत सोयीची, कारण अ‍ॅरेला आपण खरंच दूर आहोत असं वाटतं. परावर्तकाच्या कडा दातेरी किंवा वळवलेल्या असतात, त्यांना बोटही लावू नका. आणि मोजण्याआधी क्वाएट झोनमध्ये (लाट सपाट मिळते त्या जागेत) प्रोब, म्हणजे मोजणारी छोटी अँटेना, फिरवून अ‍ॅम्प्लिट्यूड व फेजचा चढउतार स्वतः बघा, जुन्या अहवालावर विसंबू नका.

दुसरी वाट निअर-फील्ड, म्हणजे जवळून घेतलेल्या, स्कॅनची. प्रोब अ‍ॅरेसमोर ३ ते ५ तरंगलांबी अंतरावर ठेवून एका सपाट पृष्ठावर फिरवायचा, प्रत्येक बिंदूवर अ‍ॅम्प्लिट्यूड आणि फेज घ्यायची आणि गणिताने दूरक्षेत्र काढायचं. दोन बिंदूंमधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीहून जास्त नको. वरच्या २८ गिगाहर्ट्झच्या अ‍ॅरेसाठी प्रोब ५३ मिलिमीटरवर ठेवला आणि ६० अंशांपर्यंतचा पॅटर्न हवा असेल, तर स्कॅनची बाजू किती हवी? अ‍ॅरेची बाजू ८६, अधिक दोन्हीकडे ५३ गुणिले ६० अंशांचा टॅन्जंट, म्हणजे सुमारे २७० मिलिमीटर. ५ मिलिमीटरच्या पावलाने ५५ बाय ५५, म्हणजे ३०२५ बिंदू. दोन्ही पोलरायझेशन (लाटेच्या कंपनाच्या दोन दिशा) धरून ६०५०. स्कॅन एवढाच घेतलात तरी सॉफ्टवेअर ९० अंशांपर्यंतचा आलेख आनंदाने काढून देतं. ६० अंशांपलीकडचा तो भाग खरा नसतो.

निअर-फील्डमध्ये प्रोबची यांत्रिक अचूकता फार सांभाळावी लागते. २८ गिगाहर्ट्झला प्रोब ०.१ मिलिमीटर पुढेमागे झाला की फेज ३.४ अंशांनी हलते. दुसरी अडचण संदर्भाची. रेडिओ अ‍ॅरेच्या आतच बसवलेला असेल, तर बाहेर कनेक्टर नसतो आणि फेज कशाच्या तुलनेत मोजायची हा प्रश्न उरतो. अशा वेळी अ‍ॅरेच्या कडेला एक स्थिर संदर्भ अँटेना ठेवतात आणि दोन चॅनलच्या सुसंगत रिसीव्हरवर दोन्ही सिग्नल एकाच वेळी घेतात.

पायरी २: ताकदीचा हिशेब, वीज चालू करण्याआधी

एका दिशेत एकवटलेली परिणामी ताकद म्हणजे ईआयआरपी. एलिमेंट दुप्पट झाले की एकूण पॉवरही दुप्पट होते आणि गेनही, म्हणून ईआयआरपी ६ डीबीने वाढते. हे आकडे भराभर चढतात. ६० डीबीएम म्हणजे १००० वॅट. आयसीएनआयआरपी या विकिरण-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार २ गिगाहर्ट्झच्या वर सर्वसामान्य लोकांसाठी संपूर्ण शरीरावरची मर्यादा दर चौरस मीटरला १० वॅट, ३० मिनिटांची सरासरी धरून. ६० डीबीएमचा बीम त्या पातळीला उतरायला २.८ मीटर लागतात. ७८ डीबीएमच्या मोठ्या पॅनेलला २२ मीटर. चेंबरच्या दाराला इंटरलॉक असावा आणि दार उघडलं की ट्रान्समिशन तुटतं की नाही हे रोज सकाळी तपासावं. ‘एवढं हॉर्न सरळ करून येतो’ म्हणत चालू बीमसमोर जाणारे पुष्कळ असतात.

मग रिसीव्हरचा हिशेब. २८ गिगाहर्ट्झ, ३ मीटर अंतर: मोकळ्या जागेतली घट ७१ डीबी. ६० डीबीएम ईआयआरपी आणि २० डीबी गेनचा हॉर्न असेल तर रिसीव्हरच्या तोंडाशी उणे नव्हे, अधिक ९ डीबीएम येतात. अ‍ॅनलायझरवर ‘कमाल ३० डीबीएम’ लिहिलेलं असतं, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण उपकरण जळण्याच्या खूप आधी आतला मिक्सर दबायला लागतो, आणि त्याचं विकृतीकरण तुम्ही अ‍ॅरेच्या नावावर खपवता. शंका आली की १० डीबीचा अ‍ॅटेन्युएटर मध्ये घाला: वाचन बरोबर १० डीबीने उतरलं तर ठीक, कमीजास्त उतरलं तर रिसीव्हर आधीच दबलेला होता.

पायरी ३: केबल आणि कनेक्टर

हा भाग कंटाळवाणा आहे आणि निम्म्या तक्रारी इथूनच निघतात. २.९२ मिलिमीटरचा कनेक्टर ४० गिगाहर्ट्झपर्यंत चालतो, २.४ मिलिमीटरचा ५० पर्यंत. एसएमए आणि २.९२ एकमेकांत बसतात, मात्र स्वस्त एसएमएची जाड किंवा पुढे आलेली पिन महागड्या २.९२ चं तोंड कायमचं पसरवते. २.४ आणि २.९२ एकमेकांत बसत नाहीत, जोर लावू नका. नट फिरवायचा, केबलचं अंग नाही. घट्ट करायला टॉर्क पाना वापरा: २.९२ च्या स्टीलच्या कनेक्टरला साधारण ०.९ न्यूटन-मीटर.

टेफ्लॉन इन्सुलेशनच्या केबलची फेज १९ अंश सेल्सिअसच्या आसपास एकदम घसरते, कारण त्या तापमानाला टेफ्लॉनच्या स्फटिकरचनेत बदल होतो. त्यामुळे एसी १८ किंवा १९ वर लावून मोजणं ही चूक आहे. चेंबर २३ ते २५ अंशांत स्थिर ठेवा. टर्नटेबलसोबत हलणारी केबल रोटरी जॉइंटमधून न्या, किंवा निदान मोठ्या वळणाने सैल सोडा. तपासणी सोपी आहे: केबलच्या टोकाला शॉर्ट लावा, टर्नटेबल पूर्ण फिरवा आणि व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनलायझरवर, म्हणजेच व्हीएनएवर, फेज बघा. शॉर्टपर्यंत जाऊन परत येणारा सिग्नल दुप्पट फरक दाखवतो, म्हणून मिळालेला आकडा निम्मा करा.

पायरी ४: एकेक एलिमेंट

पॅसिव्ह अ‍ॅरे मिळत असेल तर आधी व्हीएनए लावा. ज्या पोर्टला हात लावायचा नाही त्या प्रत्येकावर ५० ओमचा लोड हवा. उघडे सोडलेले शेजारी लाट परत फेकतात आणि मधल्या एलिमेंटचं वाचन बिघडवतात. ६४ पोर्ट म्हणजे २०१६ जोड्या. हाताने कोणी करत नाही, स्विच मॅट्रिक्स लागतो. तो नसेल तर मध्यावरचा एक, कडेचा एक आणि कोपऱ्यातला एक एलिमेंट निवडा आणि त्यांचं सगळ्या शेजाऱ्यांशी कपलिंग (एकातून दुसऱ्यात शिरणारा सिग्नल) मोजा.

एलिमेंटचं स्वतःचं परावर्तन उणे १५ डीबी दिसलं म्हणून खूश होऊ नका. सगळे एलिमेंट एकदम चालू असताना शेजाऱ्यांकडून आलेल्या लाटा त्यात मिसळतात आणि त्यांची बेरीज बीम कुठे वळवला आहे त्यावर ठरते. कपलिंगचे मोजलेले आकडे घेऊन प्रत्येक बीमकोनासाठी ही बेरीज करून बघा. कुठल्यातरी कोनाला ती १ च्या जवळ जात असेल, तर त्या दिशेला अ‍ॅरे आंधळा आहे: पॉवर बाहेर न जाता अ‍ॅम्प्लिफायरवर परत येते. हा दोष कॅलिब्रेशनने जात नाही. इथेच सापडला तर डिझाइनकडे परत पाठवता येतो.

अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅरेत पोर्ट नसतात. तिथे एकेक एलिमेंट चालू करून समोरच्या प्रोबने वाचा आणि पातळ्यांचा नकाशा काढा. मेलेले एलिमेंट लगेच उठून दिसतात. एकाच चिपचे चारही एलिमेंट मेले असतील तर बहुधा चिप किंवा तिचा पुरवठा गेलेला असतो. एक संपूर्ण ओळ कमजोर असेल तर फीड नेटवर्क बघा.

पायरी ५: कॅलिब्रेशन

६ बिटांचा फेज शिफ्टर (एलिमेंटची फेज बदलणारा भाग) ५.६२५ अंशांच्या पायऱ्यांनी चालतो, म्हणजे पायऱ्यांमुळे येणारी आरएमएस चूक सुमारे १.६ अंश. खरी चूक त्याहून बरीच मोठी असते: ट्रेसच्या लांब्या, चिपगणिक फरक, तापमान. शिवाय फेज बदलली की अ‍ॅम्प्लिट्यूडही थोडी हलते.

एलिमेंट चालू-बंद करून फरक घेणं ही सगळ्यांना सुचणारी पद्धत. पण बंद एलिमेंटचा इम्पिडन्स बदलतो आणि शेजारी बिथरतात. त्यापेक्षा सगळे चालू ठेवा आणि एका एलिमेंटची फेज ० आणि १८० अंश अशी उलटवा. दोन वाचनांची वजाबाकी करून निम्मी केली की बाकीच्यांची बेरीज कटते आणि त्या एका एलिमेंटची अ‍ॅम्प्लिट्यूड व फेज हाती येते.

२५६ एलिमेंटला मात्र ही युक्ती फसते. बाकीच्यांची बेरीज एका एलिमेंटच्या २५५ पट आहे. दोन वाचनांच्या मध्ये ती फक्त ०.१ टक्का सरकली, तर तुम्हाला हव्या असलेल्या आकड्यात साधारण १३ टक्क्यांची चूक शिरते, कारण वजाबाकी निम्मी होते. उपाय दोन. बाकीच्या एलिमेंटना विस्कळीत फेज द्या, म्हणजे त्यांची बेरीज प्रोबच्या दिशेला लहान राहील. किंवा हॅडामार्ड क्रमाने (अधिक-उणे एकच्या ठरावीक तक्त्यानुसार) सगळ्यांना एकदम उलटसुलट करा: ६४ एलिमेंटसाठी ६४ मांडण्या, आणि प्रत्येक एलिमेंटचा अंदाज ६४ही वाचनांतून निघत असल्याने नॉइज खूप दबतो. दुसरी पद्धत वेळेच्या मानाने जास्त फायद्याची आहे.

फेज मोजताच येत नसेल, फक्त पॉवर मिळत असेल, तर १९८२ मध्ये जपानी अभियंत्यांनी मांडलेली फिरत्या व्हेक्टरची पद्धत आजही चालते. एका एलिमेंटची फेज पूर्ण ३६० अंश फिरवा. एकूण पॉवर कोसाइनसारखी वरखाली होते. कमाल कुठे आली यावरून फेज आणि कमाल-किमानच्या गुणोत्तरावरून अ‍ॅम्प्लिट्यूड निघते. ६४ही पायऱ्या घ्यायची गरज नाही, ८ किंवा १६ बिंदूंतून कोसाइन नीट बसतो.

प्रोब जवळ असेल तर दोन दुरुस्त्या विसरू नका. एक, प्रोबपासून प्रत्येक एलिमेंटचं अंतर वेगळं आहे, त्याची फेज आधी वजा करा. नाहीतर कॅलिब्रेशन अ‍ॅरेला प्रोबवर फोकस करून टाकेल आणि दूरच्या मोजणीत बीम फुगलेला दिसेल. दोन, प्रोब आणि अ‍ॅरे यांच्यात लाट टप्पे घेते. प्रोब पाव तरंगलांबी मागे घेऊन तीच मोजणी पुन्हा करा. टप्पा घेतलेल्या लाटेचा मार्ग अर्ध्या तरंगलांबीने वाढतो, ती उलटी होते, आणि अंतराची दुरुस्ती करून घेतलेल्या सरासरीत कटून जाते.

किती अचूकता पुरे? अनियमित फेजचुकीने उठणारे साइड लोब सरासरीने, मेन बीमच्या तुलनेत, चुकीचा रेडियनमधला वर्ग भागिले एलिमेंटची संख्या एवढे असतात. ६४ एलिमेंट आणि १० अंश म्हणजे उणे ३३ डीबी. एकसारख्या अ‍ॅम्प्लिट्यूडच्या अ‍ॅरेचा पहिला साइड लोब मुळातच उणे १३ डीबीच्या आसपास असतो, तिथे १० अंश खपून जातात. पण एका वापरकर्त्याकडे बीम आणि शेजारच्याकडे नल टाकायचा असेल तर ५ अंशांच्या आत यावंच लागेल.

पायरी ६: बीम मोजणं

अ‍ॅरेचा चेहरा टर्नटेबलच्या अक्षावर आणा. ३ मीटर अंतरावर अ‍ॅरे ५० मिलिमीटर बाजूला सरकलेला असला तर बीम जवळजवळ १ अंश चुकीच्या दिशेला दिसतो. चूक बसवण्याची की अ‍ॅरेची, हे ओळखायला अ‍ॅरे त्याच्याच अक्षाभोवती १८० अंश उलटा करून पुन्हा मोजा. बीमचा कल दिशा बदलतो तो अ‍ॅरेचा, जो जागचा हलत नाही तो मांडणीचा.

समोरचा बीम सर्वांत सोपा असतो आणि सर्वांत कमी सांगतो. निदान ०, ३० आणि कमाल कोन घ्या, दोन्ही प्रतलांत, दोन्ही पोलरायझेशनमध्ये. ६० अंशांना ३ ते ४.५ डीबी घट स्वाभाविक आहे, त्याहून खोल खड्डा दिसला तर पायरी ४ मधला आंधळा कोन आठवा. फेज शिफ्टरवर चालणारा बीम फ्रिक्वेन्सीबरोबर सरकतो: २८ गिगाहर्ट्झला ६० अंशांवर लावलेला बीम २८.४ ला ५८.६ अंशांवर जातो. म्हणून बँडचा तळ, मध्य आणि माथा असे तीनही मोजा.

खरी परीक्षा नलमध्ये होते. तिथे बेरीज शून्याजवळ येते, त्यामुळे एकट्या एलिमेंटची चूकही लपत नाही. मात्र तिथेच चेंबरही उघडा पडतो. मेन बीमच्या ४० डीबी खाली असलेलं परावर्तन मेन बीमच्या वाचनात ०.१ डीबीसुद्धा हलवत नाही, पण उणे २० डीबीच्या साइड लोबचं वाचन जवळपास ०.९ डीबीने वरखाली करतं. अ‍ॅरे आणि हॉर्न दोन्ही मिळून थोडे मागे सरकवा. पॅटर्नमधली लहर जागा बदलत असेल तर ती भिंतीची आहे.

एकूण विकिरित पॉवर, म्हणजे टीआरपी, काढायला संपूर्ण गोलावर ईआयआरपीची सरासरी घ्यावी लागते, कोनाच्या साइनचं वजन देऊन. १५ अंशांचं जाळं मोबाइलला चालतं. ६ अंश रुंदीच्या बीमला नाही, बीम दोन बिंदूंच्या फटीतून निसटतो. पाऊल रेडियनमध्ये तरंगलांबी भागिले अ‍ॅरेचं सर्वांत मोठं माप, म्हणजे कर्ण, याहून मोठं नको. आपल्या १६ बाय १६ च्या अ‍ॅरेला ते साधारण ५ अंश येतं.

पायरी ७: खरा सिग्नल

अ‍ॅरे चालू केल्यावर अर्धा ते एक तास तापू द्या आणि दर पाच मिनिटांनी ईआयआरपी नोंदवा. आकडा बसला की सुरुवात करा. टीडीडी सिग्नलमध्ये (आळीपाळीने पाठवणं आणि घेणं) गेटिंग, म्हणजे फक्त ट्रान्समिटच्या वेळी मोजणं, लावायला विसरलात तर रिसीव्हर बंद वेळही सरासरीत धरतो: ७५ टक्के वेळ ट्रान्समिट होत असेल तर पॉवर १.२५ डीबीने कमी दिसते. नेमका एवढाच फरक आला तर अ‍ॅरे खोलू नका, ट्रिगर बघा.

बेस स्टेशनची हवेतून घेण्याची चाचणी ३जीपीपी या मोबाइल मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या टीएस ३८.१४१ च्या दुसऱ्या भागात दिली आहे. ईव्हीएमची (सिग्नल आदर्श बिंदूपासून किती ढळतो त्याची) मर्यादा ६४क्वामला, म्हणजे ६४ बिंदूंच्या मॉड्युलेशनला, ८ टक्के, २५६क्वामला ३.५ टक्के. मोजणीतला सिग्नल-नॉइज फरकच ३० डीबी असेल तर अ‍ॅरे निर्दोष असूनही ३.२ टक्के ईव्हीएम दिसेल. ३.५ टक्क्यांची मर्यादा तपासायला ४० डीबी हवेत. लांबच्या रेंजवर ते मिळत नसतील तर कमी नॉइजचा अ‍ॅम्प्लिफायर हॉर्नच्या अगदी मागे लावा. केबलच्या दुसऱ्या टोकाला लावून उपयोग नाही.

नोंद ठेवताना प्रत्येक फाइलसोबत तापमान, फर्मवेअरची आवृत्ती, कॅलिब्रेशन तक्त्याची आवृत्ती आणि अ‍ॅरे कुठल्या बाजूने वर होता हे लिहा. शेवटचं सर्वांत जास्त विसरलं जातं. एक अ‍ॅरे संदर्भ म्हणून कायमचा बाजूला काढा, तो कधी दुरुस्त करू नका आणि दर आठवड्याला त्याचा एकच बीम व एकच नल मोजा. बीम तसाच आणि नल सरकलेला दिसला, तर नवा अ‍ॅरे चेंबरमध्ये नेण्याआधी केबलचे कनेक्टर काढून बघा.